सात एकांचा सप्ताह

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो भागाकाराला. माझे वडील गावच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना आम्हीच नव्हे तर सगळं गाव अण्णा म्हणायचं. लोकांचे वडील सकाळी उठून गोठ्यात जात, आमचे अण्णा उठून ओसरीच्या भिंतीपाशी जात. ती भिंत आईनं त्यांना देऊन टाकली होती, म्हणजे तिला पोतेरं मारायचं तिनं सोडून दिलं होतं. तिथं कोळशानं एखादी संख्या लिहायची आणि चहा येईस्तोवर तिला भागत बसायचं, हा त्यांचा नित्यनेम. संख्या भागली गेली की ते तळहातानं ती पुसून टाकत आणि म्हणत, "गेली बिचारी वाटणीत." एकानं आणि स्वतःनं सोडून दुसऱ्या कशानंच जी नि:शेष भागली जात नाही ती मूळ संख्या, हे शाळेत सगळेच शिकतात आणि सगळेच विसरतात. अण्णा विसरले नाहीत. बाजारातून ते केळी आणायचे ती सात किंवा तेरा. घरात आम्ही तिघं, त्यामुळे प्रत्येक वेळी एक केळं उरायचं. त्या उरलेल्या केळ्याकडं ते इतक्या समाधानानं बघायचे की ते खायची कुणाची हिंमत होत नसे. दोन दिवसांनी काळं पडलं की आई त्याची शिकरण करायची.

आई तिसरीपर्यंत शिकलेली. ती बाजरीची भाकरी थापत असायची, शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत असायचा आणि ओसरीवरून अण्णांचं "सदतीस त्रिक एकशे अकरा" ऐकू यायचं, हे माझ्या लहानपणाचे आवाज. शेंगोळे केले तर ताटात किती पडले ते मी मोजत असे, आणि मोजल्याशिवाय घास घ्यायचा नाही असं मला कुणी न सांगता लागलं होतं. आई म्हणायची, "बाप भिंत खराब करतो, लेक ताट. मी तेवढी सरळ हाय या घरात." यावर अण्णा आणि मी हसायचो. ती सरळ आहे हे आम्ही दोघं धरूनच चाललो होतो.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात अण्णांना एकांच्या संख्यांचं वेड लागलं होतं. अकरा भागत नाही. एकशे अकराला सदतीसनं भाग जातो. चार एकं अकरानं जातात, पाच एकं एक्केचाळीसनं, सहा तर कशानंही जातात. मग त्यांनी सात एकं लिहिली: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ती तीननं गेली नाहीत, सातनं गेली नाहीत, तेरानं, सतरानं, एकोणतीसनंही गेली नाहीत. आठवडाभर भिंतीवर तोच आकडा राहिला. अण्णा जाता-येता त्याच्याकडं बघायचे आणि माझ्याकडं बघून मान डोलवायचे. शंभराच्या पुढं त्यांनी भागलं नाही. मला वाटतं, त्यांना भागायचंच नव्हतं, एव्हाना त्यांचा जीव त्याच्यात गुंतला होता.

अशात एका सकाळी दौलतमामा आला. हा आईचा थोरला भाऊ, दोन गावं सोडून राहणारा. त्याचा धंदा शेतीचा आणि हौस वाटण्या करून देण्याची. भावाभावांच्या जमिनी, विहिरीच्या पाळ्या, बांधावरची आंब्याची झाडं, सगळं तो पंच म्हणून वाटून द्यायचा. मधल्या वेळात लग्नं जमवायचा. माझ्यासाठी त्यानं राहात्याचं स्थळ आणलं होतं. पेरूचे व्यापारी, घरचा टेम्पो, मुलगा एकुलता एक. अण्णांनी सांगितलं की पोरीला गणितात पैकीच्या पैकी आहेत, तिला नगरच्या कॉलेजात घालायची आहे. मामानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि मग त्याची नजर भिंतीवर गेली.

"ह्यो काय आकडा म्हनायचा दाजी?"

"हा कशानंच भागत नाही, दौलतराव."

मामा खदाखदा हसला. "न भागनारं जगात काय हाय? नऊ भावांत एक विहीर वाटून दिली मी. ह्यो तर नुसता आकडा. भागलाच पायजे."

"नाही भागणार."

"भागला तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"भागला तर पोरगी राहात्याला. न्हाई भागला तर खुशाल नगरला धाडा, मी तोंड उघडनार न्हाई."

अण्णा एरवी शांत माणूस, पण मूळ संख्येचा अपमान त्यांना सहन व्हायचा नाही. ते तिथल्या तिथं "मान्य" म्हणाले. आई चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, मलाही नाही. मला दोघांचाही असा राग आला की मी गिरणीत जाऊन पिठाच्या डब्यावर बसून राहिले. माझं पुढचं सगळं आयुष्य एका ओळीत मांडलेल्या सात एकांवर टांगलं गेलं होतं आणि त्या दोघांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मामाची एक अट होती. "दाजी, तुमच्या हातचं मला चालायचं न्हाई. तुमी घरात बसून कायबी लिवाल. गावाच्या हातचं पायजे." आता आमच्या गावाला कुठलंही मोठं काम करायची एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे अखंड सप्ताह. सात दिवस पहारे लावायचे, घराघरातून भाकरी यायची, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि आमटी-भाकरीची पंगत. हरिनामाचा सप्ताह चैत्रात होऊन गेला होता, मांडव अजून उतरवला नव्हता. सोपानतात्या हा आमच्या सप्ताहाचा विणेकरी. त्याच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मांडव हायेच. इना खाली ठेवायची न्हाई, तशी पेन्सिल खाली ठेवायची न्हाई. बाकी सगळं त्येच." मारुतीच्या देवळापुढं भागाकाराचा सप्ताह बसला.

अण्णांनी भाजकांची यादी केली. दोनपासून एक हजार एक्कावन्नपर्यंत एकशे सत्त्याहत्तर मूळ संख्या. त्याच्यापुढचा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार अलीकडं सापडतोच, हे त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांना समजावलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. एका भाजकाला एक कागद. चिठ्ठी उचलायची, आंघोळ करून, चपला बाहेर काढून मांडवात बसायचं, आधीच्या माणसाच्या हातातून पेन्सिल घ्यायची आणि मोठ्यानं भागायचं, कारण समोर भोंगा लावलेला. संख्येत सगळे एकच असल्यानं प्रत्येक पायरीला "एक खाली घेतला" म्हणावं लागायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला चाल लागली. दुसऱ्या दिवशी टाळ आले. एक जण भागायचा आणि बसलेले सगळे "एक खाली घेतलाऽऽ" म्हणून टाळ वाजवायचे. बाकी उरली की देवळातली घंटा. शेतात पाणी धरणारी माणसं घंटा ऐकून हात जोडायची. माझ्यासाठी की आकड्यासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

इथं मी, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईनं, एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एकशे सत्त्याहत्तर भागाकारांची गरजच नव्हती. सात एकांना ज्यानं भाग जाईल अशा मूळ संख्येला चौदानं भागलं तर बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम आहे. त्या नियमानं बघितलं तर एकोणतीस, त्रेचाळीस, एकाहत्तर अशा मोजक्या संख्या उरतात आणि आठव्या भागाकारालाच सगळा निकाल लागतो. म्हणजे अण्णांनी आणि मी चहाच्या आधी ते उरकलं असतं. हा नियम मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळला तेव्हा सातशे माणसांची आमटी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

दुपारचे पहारे बायकांचे असत. आईनं हट्ट धरला की तिलाही चिठ्ठी पाहिजे. अण्णा म्हणाले, "तुला भागाकार कुठं येतो?" ती म्हणाली, "शकू शिकवील." मग चुलीपाशी बसून मी तिला शिकवला. ती जळक्या काटकीनं फरशीवर भागायची आणि भाकरी करपायची. दोन दिवसांत तिला येऊ लागलं, आणि इतकं नीट की मी चकित झाले. पण मला वाटलं, शिकवणारी चांगली आहे. पाचव्या दिवशी तिनं चिठ्ठी उचलली, दोनशे एकोणचाळीस. लोकांना एका कागदाला अर्धा-पाऊण तास लागायचा, आई अडीच तास बसली. भोंग्यापुढं बोलायची लाज वाटते म्हणून ती मनातल्या मनात भागत होती. मध्ये तिनं दोनदा कच्चे कागद मागून घेतले. बायका चेष्टा करू लागल्या, "वहिनी, संपला का आकडा?" शेवटी तिनं घडी घातलेला कागद दिला आणि बारीक आवाजात म्हणाली, "बाकी एक." घंटा वाजली.

सातव्या दिवशी सकाळी एकशे सत्त्याहत्तराव्या कागदाची घंटा वाजली आणि गावानं एकच गलका केला. अण्णांच्या गळ्यात हार पडला. मामा खांबाला टेकून उभा होता, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. भागणारच अशी खात्री असल्यानं त्यानं राहात्याच्या पाहुण्यांना काल्याला बोलावून ठेवलं होतं. मुलाचे वडील पांढऱ्या टोपीत पहिल्या रांगेत बसले होते. तेवढ्यात मामाला आठवलं, "कागद तपासायचे ऱ्हायले की! शकू तपासंल. शाळंत पयली येती." निकाल एकाच बाजूनं लागण्याची सगळ्यांत जास्त गरज मलाच आहे, हे भरल्या मांडवात एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी भाजकांच्या क्रमानं लावलेला गठ्ठा घेऊन आचाऱ्यांच्या मागं, भाकऱ्यांच्या ढिगापाशी जाऊन बसले.

बावन्नावा कागद आईचा होता. सुरेख, गोल अक्षर. एक एक पायरी बरोबर. दोनशे एकोणचाळीस चोक नऊशे छप्पन, बरोबर. सक चौदाशे चौतीस, बरोबर. पुन्हा चोक, बरोबर. शेवटी नव्वे दोन हजार एकशे एक्कावन्न. वर दोन हजार एकशे एक्कावन्न, खाली दोन हजार एकशे एक्कावन्न, मध्ये वजाबाकीची आडवी रेघ, आणि रेघेच्या खाली एक.

मी तो कागद किती वेळ धरून बसले ते सांगता येत नाही. आमटीची कढई दहा पावलांवर होती, खाली लाकडं धडधडून पेटली होती. कागद जाळात टाकायचा, नवा लिहायचा, आणि जूनमध्ये नगर. मी उठलेही. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हते. मला राहात्याला जायचं नव्हतं आणि त्याचं मला रडू येत होतं. पण नगरला जाऊन मला जे शिकायचं होतं ते हेच तर होतं, की एक्कावन्नातून एक्कावन्न गेले की काही उरत नाही. ते चुलीत घालून तेच शिकायला कशी जाणार? मी कागद नेऊन अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी बघितलं. गळ्यातल्या हाराची एक पाकळी तोडून चुरगळत ते तोंडातल्या तोंडात परत भागले. त्यांचे डोळे भरून आले. मग ते उठले, कीर्तनाला उभ्या राहिलेल्या महाराजांना नमस्कार केला आणि भोंग्यावरून म्हणाले, "मंडळी, आपला आकडा भागला गेला. दोनशे एकोणचाळीसनं. माझ्या शकूनं काढलं."

मामानं झेप घालून कागद घेतला. "एक्कावन्नातून एक्कावन्न गेले आन खाली एक? कुनाचा ह्यो कागद?"

बायकांतून आई उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, "माजा हाय, दादा. शून्य आलतं. पन शुभकार्यात शून्यावर कुठं कोन ठेवतं का? नारळ एकशे एक देतो, लाडू एक्कावन्न देतो. म्हनून एक वर ठेवला."

सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. बरोबर आहे, शून्यावर ठेवत नाहीतच, आमच्या सासूबाईंनी कधी ठेवलं नाही. सोपानतात्यानं टाळ खाली ठेवून निकाल दिला, "मंग बाकी एकच धरायची. रीत हाय." हात वर करा म्हणाला, तर चार-पाच सोडून सगळ्यांचे हात वर. गावानं बहुमतानं सात एकांना मूळ संख्या ठरवलं. महाराज म्हणाले, शास्त्रात दोन्हीला आधार आहे. मामाचा मित्र असलेल्या आचाऱ्यानंही पळी वर केली.

"खाली घ्या हात," अण्णा म्हणाले. "गावानं ठरवून आकडा मूळ होत नाही. दौलतराव, मी हरलो. पाहुण्यांशी बोला."

मी आईकडं बघितलं, ती खाली बघत होती. मुलाचे वडील उठले आणि टोपी काढून माझ्यापुढं आले.

"पोरी, तूच काढलं व्हय हे?"

"हो."

"एवढ्या कागदांतून? तुज्याच आईचं?"

"हो."

"न्हाई काढलं असतं तर नगरला गेली असतीस?"

"हो."

त्यांनी टोपी परत घातली आणि मामाकडं वळून म्हणाले, "दौलतराव, आमच्या पेटीत शंभर पेरू असत्यात. म्हंजे शंभर असत्यात असं आमी म्हनतो आन घेनाराबी शंभरच म्हनतो. ही पोरगी घरात आली तर आमचा सगळा धंदा बसंल. स्वताच्या आईला सोडलं न्हाई, आमाला सोडती व्हय? लई गुनाची हाय. पन आमाला न्हाई झेपायची." एवढं बोलून ते पंगतीला जाऊन बसले आणि चार भाकरी आमटीत कुस्करून खाल्ल्या.

मामानं त्यानंतर आणखी दोन स्थळं आणली, पण "ती बाकी काढनारी पोरगी" ही माझी कीर्ती राहात्यापासून थेट खर्ड्यापर्यंत जाऊन पोचली होती. जूनमध्ये अण्णांनी मला यष्टीत बसवलं. मामा पैज जिंकला होता आणि त्याला ते कुणाला सांगता येत नव्हतं.

कॉलेजात मला कळलं की अण्णा फार चुकले नव्हते, लवकर थांबले होते. एकामागं एक अशी एकोणीस एकं लिहिली तर ती संख्या खरंच कशानं भागली जात नाही. मी त्यांना पत्र टाकलं. आई नंतर सांगत होती, त्यांनी ते पत्र वाचलं, ओसरीची भिंत पुसली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकोणीस एकं लिहून काढली, आणि मरेपर्यंत पुसू दिली नाहीत. सोपानतात्यानं विचारलं, याचा सप्ताह कधी बसवायचा? अण्णांनी हिशेब मांडला. पाच कोटींच्या वर भाजक, आठवड्याला एकशे सत्त्याहत्तर, म्हणजे साधारण पावणेसहा हजार वर्षं. तात्या म्हणाला, "बसू की. पन जेवनाचं कोन बघनार?"

ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आले. वर्गात सांगितली, परिषदांत सांगितली, आणि आई शून्यावर एक ठेवते त्या जागी लोक नेहमी हसले. मीही हसले. अण्णा गेल्यावर आई माझ्याकडं नगरला राहायला आली. मागच्या वर्षी, ती जायच्या थोडं आधी, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि टीव्हीवर कसला तरी सप्ताह चालला होता. मी सहज विचारलं, "आई, तुला खरंच वाटलं होतं का गं, की भागाकारात शून्य लिहू नये म्हणून?"

तिनं हातातली काडी बाजूला टाकली. "येडी का खुळी तू? रोज चुलीपाशी शिकवत हुतीस ना?"

"मग?"

"सातदा भागलं मी त्ये. सातदा शून्यच आलं."

मला भोंग्याकडं पाठ करून बसलेली, अडीच तास मान वर न केलेली आई दिसली, आणि भरल्या मांडवात तिला उभं करणारी मीही दिसले. चाळीस वर्षं मी तिच्यावर लोकांना हसवलं होतं. मी म्हटलं, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस? मी तो कागद तपासला नसता."

"तू तपासला नसता तर दादानं तपासला असता, आन तू राहात्यालाच गेली असतीस," आई म्हणाली. "तू बरं केलंस. पन मला त्ये तवा कुठं ठावं? तुज्या बापानं पैज लावली, दादानं लावली, समदं गाव बोललं. मला बोलायला एकच कागद मिळाला हुता, शकू. त्याच्यावर मला जे लिवायचं हुतं त्ये मी लिवलं."